फुलांचं संधान

अरविंदासवाच्या पाठात चार फुलं आहेत: कमळ, निळं कमळ, मोह आणि धायटी. भैषज्यरत्नावलीच्या बालरोगाधिकारात हा पाठ येतो. मी अचलपुरात वैद्यकी करते आणि माझ्या रुग्णांपुरती आसवं-अरिष्टं, म्हणजे आंबवून केलेली औषधं, घरीच घालते. त्यांतलं हे आसव मला सर्वांत प्रिय आहे, कारण त्याला जवळजवळ पाऊण वर्ष लागतं. रांजणात ते महिनाभरच असतं, बाकीचा काळ फुलांची वाट पाहण्यात जातो. धायटी माघ-फाल्गुनात मेळघाटच्या उतारांवर फुलते, मोह चैत्रात गळतो, आणि आमच्या मागच्या अंगणातल्या हौदात कमळ उन्हाळ्याच्या शेवटी उमलायला लागतं ते दसऱ्यापर्यंत फुलं देत राहतं. आधीची दोन फुलं सुकवून, जपून ठेवायची आणि तिसरं ताजं हाती आलं की श्रावण-भाद्रपदात संधान, म्हणजे आंबण, घालायचं. इतकी वर्षं हे काम केल्यावर माझं एक मत पक्कं झालं आहे. आसव चांगलं होणार की वाईट, हे रांजण भरण्याच्या कितीतरी आधी, फूल खुडणाऱ्या हातात ठरलेलं असतं. आणि त्या हातांना आपण सर्वांत कमी देतो.

बागेतल्या गुलाबाच्या पाकळ्यांची वाइन घरी करता येईल का, असं हल्ली दवाखान्यात येणारी तरुण मंडळी विचारतात. कुठे कुठे पाहिलेलं असतं त्यांनी. इंग्लंडातल्या खेड्यांत एल्डरच्या पांढऱ्या फुलांची आणि डँडेलियनच्या पिवळ्या पाकळ्यांची वाइन करतात, कोरियात अझेलियाच्या पाकळ्या तांदळाच्या मद्यात घालतात, चीनमध्ये ओस्मॅन्थसच्या बारीक सोनेरी फुलांचं मद्य करतात. मी त्यांना आधी पाकळीचा स्वभाव सांगते. पाकळीत साखर जवळजवळ नसते. ती गंध देते, रंग देते, थोडा तुरटपणा देते. आंबायला जी साखर लागते ती बाहेरून घालावी लागते, आणि ती साखर खाऊन मद्य करणारं यीस्टही कुठून तरी यावं लागतं. द्राक्षात रसही असतो, साखरही असते आणि सालीवर थोडंफार यीस्टही असतं, म्हणून द्राक्ष चेचून ठेवलं तरी आंबतं. गुलाबाच्या पाकळ्या नुसत्या पाण्यात ठेवल्या तर सडतात. दुसरं सांगते ते कायद्याचं: महाराष्ट्रात १९४९च्या दारूबंदी कायद्याने परवान्याशिवाय घरी वाइन करणं हा गुन्हा आहे. तेव्हा अंगणात गावठी गुलाब असेल तर गुलकंद घाला. पाकळ्यांच्या दुप्पट खडीसाखर, एकावर एक थर, आणि वैशाखातलं वऱ्हाडचं ऊन. त्यात साखर इतकी दाट असते की यीस्टला जगायला पाणीच मिळत नाही. त्यामुळे गुलकंद आंबत नाही आणि वर्षानुवर्षं टिकतो. त्याच साखरेत पाणी वाढवलं की गोष्ट बदलते, आंबणं सुरू होतं. संधानाचं सगळं शास्त्र या पाण्याच्या आणि साखरेच्या हिशेबात आहे.

हा हिशेब आपल्याकडे फार जुना आहे. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात पंचविसाव्या अध्यायात चौऱ्यांशी आसवं मोजली आहेत. धान्याची ६, फळांची २६, मुळांची ११, झाडांच्या गाभ्याची २०, फुलांची १०, उसाच्या जातीची ४, पानांची २, सालीची ४ आणि साखरेचं एक. फुलांच्या दहात बहुतेक सगळी कमळाच्या कुळातली नावं आहेत: पद्म, उत्पल, नलिन, कुमुद, सौगंधिक, पुंडरीक, शतपत्र. उरलेली तीन म्हणजे मधुक, प्रियंगू आणि धातकी. मधुक म्हणजे आपला मोह आणि धातकी म्हणजे धायटी. अमरावतीला विदर्भ आयुर्वेद महाविद्यालयात शिकत असताना ही यादी मी परीक्षेपुरती पाठ केली होती. लग्न होऊन अचलपूरला आले, सासऱ्यांबरोबर परतवाड्याच्या बाजारात गेले आणि टोपल्यांत त्यांतली दोन फुलं विकायला बसलेली पाहिली, तेव्हा ती यादी मला पहिल्यांदा खरी वाटली.

आमचे मामंजी जुन्या वळणाचे वैद्य. एलिचपूर म्हणून जे शहर इमादशाहीची राजधानी होतं, त्याच्या परकोटाच्या आतल्या एका वाड्यात त्यांचा दवाखाना होता. सापन आणि बिच्छन या दोन नद्यांच्या मधला हा गाव, मागे सातपुडा, आणि डोंगराच्या पायथ्याशी चार-पाच किलोमीटरवर परतवाडा, म्हणजे इंग्रजांची जुनी छावणी. आता मेळघाटातलं लाकूड, मध, फुलं, डिंक, बिबा, सगळं त्या बाजारात उतरतं. मामंजी सांगत, की वैद्यानं राहावं तर अशा जागी, जिथून जंगल एका दिवसात जाऊन-येऊन होतं. त्यांनी मला पोथीपेक्षा नाकावर विश्वास ठेवायला शिकवलं. "सूनबाई, आधी नाकाले इचार, मंग पोथीले," हे त्यांचं नेहमीचं वाक्य.

वाड्यातला कमळाचा हौद त्यांनी बांधलेला. सिमेंटचा, मांडीभर खोल, तळाशी नदीची काळी माती आणि शेणखत. एका कोपऱ्यात आडवी वीट घालून निळ्या कमळाची जागा वेगळी केली आहे, कारण साधं कमळ मोकळं सोडलं तर सगळा हौद खाऊन टाकतं. कमळाचं फूल तीन-चार दिवस जगतं. पहिल्या दिवशी ते अर्धवट उघडतं आणि संध्याकाळी मिटतं, दुसऱ्या दिवशी पूर्ण उमलतं, नंतर पाकळ्या सैल होऊन गळतात. मी दुसऱ्या दिवसाचं फूल सकाळी घेते. त्या वेळी गंध भरात असतो. कमळाविषयी मला फार उशिरा एक गोष्ट कळली, आणि तेव्हापासून मी हौदाजवळ जास्त वेळ थांबते. हे फूल स्वतःची उष्णता स्वतः तयार करतं. बाहेर हवा कितीही गार असो, उमलण्याच्या दिवसांत फुलाच्या आत तीस ते पस्तीस अंश तापमान राहतं. त्यामुळे गंध पसरतो आणि भुंगे रात्रीही आत थांबतात. गंमत अशी की संधानालाही जवळपास एवढीच ऊब लागते.

कमळ माझ्या अंगणातलं आहे, त्याची काळजी मी घेऊ शकते. धायटीचं तसं नाही. ते झुडूप लावून येत नाही असं नाही, पण बागेतलं फूल आणि डोंगरातलं फूल यांच्या ताकदीत फरक पडतो, हा मामंजींचा अनुभव होता आणि माझाही तोच आहे. परतवाड्याहून धारणीच्या रस्त्याला घटांगकडे निघालं, की घाटाच्या दगडी, कोरड्या उतारांवर फेब्रुवारी-मार्चमध्ये धायटी लालबुंद दिसते. फुलं नळीसारखी, बारीक, फांदीला चिकटून. तोंडात धरून ओढलं तर गोड लागतं. त्या मधावर माश्या, पाखरं, मुंग्या येतात आणि त्यांच्याबरोबर यीस्टही येतं. फूल सुकवलं तरी त्यातलं बरंच यीस्ट टिकतं. आसवात धायटी कशासाठी घालतात, हा प्रश्न विद्यार्थ्यांना नेहमी पडतो. दुधात जसं विरजण, तशी आसवात धायटी. अरविंदासवात मनुका सोडल्या तर बाकीची औषधं एकेक पळ, म्हणजे प्रत्येकी ४८ ग्रॅम, आणि धायटी १६ पळ, म्हणजे ७६८ ग्रॅम. यावरून तिचं महत्त्व कळावं. शिवाय तिच्यात टॅनिन भरपूर असतं. ते आसवाला तुरट कणा देतं आणि नको ते जंतू वाढू देत नाही.

धायटी कशी ओळखायची हे मला एका कोरकू मावशीने शिकवलं. तिचं नाव इथे देत नाही. बाजारात मी टोपलीत हात घालून फुलं चाळत होते, तेव्हा ती हसली आणि म्हणाली, "बाई, वरून नका पाहू, खालचं काढा." टोपलीच्या तळाचं फूल मुठीत दाबायचं. चांगलं सुकलेलं असेल तर चुरचुरतं, पण भुगा होत नाही. विटकरी लाल रंग राहिला पाहिजे. काळपट झालं म्हणजे ओलं असताना पोत्यात भरलं. देठ आणि पानं जास्त दिसली तर झुडूप हाताने ओरबाडलं आहे असं समजायचं. ती स्वतः फुलं वेचते तेव्हा एका झुडपाची सगळी कधीच घेत नाही. मी कारण विचारलं तर म्हणाली, "एका झाडाचं सबन फूल नाई तोडत आमी, बाई. माश्याइले काय रायते मंग?" या एका वाक्यात जंगल आहे, मध आहे आणि पुढच्या वर्षीची धायटीही आहे. मी तेव्हापासून तिच्याकडूनच फूल घेते. मध्यंतरी शहरातल्या एका व्यापाऱ्याचं स्वस्त फूल एकदा हातात आलं होतं. अर्धी टोपली मागच्या सालाची, पाण्याचा शिपका मारून लाल केलेली, आणि काडी-कचरा वेगळाच. ते मी परत केलं.

मोह तर त्या कोरकू मावशीच्याच अंगणातला. अरविंदासवात तो फक्त एक पळ पडतो, पण फुलांच्या आसवांत त्याचं स्थान सगळ्यांत वेगळं आहे. पाकळीत साखर नसते असं मी वर म्हटलं, त्याला हा मोठा अपवाद. मोहाची पाकळी मांसल, रसाळ, आणि सुकल्यावर तिच्या वजनातला निम्म्याहून जास्त भाग साखरेचा. चैत्रात पहाटे ती फुलं टपटप गळतात आणि ऊन चढायच्या आत बाया-पोरं ती वेचून आणतात. झाडाखाली पाचोळा असेल तर फूल दिसत नाही, म्हणून काही ठिकाणी तो पेटवतात आणि ती आग पुढे जंगलात शिरते. मेळघाटातल्या उन्हाळी वणव्यांचं हे एक कारण आहे. झाडाखाली जाळी किंवा जुनं लुगडं अंथरलं तर आगीचीही गरज राहत नाही आणि फूलही स्वच्छ येतं. ही मावशी लुगडंच अंथरते. तिच्या घरी मोह भाजून खातात, त्याच्या भाकरी करतात, बियांचं तेल काढतात. वाईट दिवसांत मोहाने घर तारलं, असं ती सहज सांगते.

आता रांजणाकडे येते. कामाचा हा भाग मला सगळ्यांत आवडतो, म्हणून जरा सविस्तर सांगते.

रांजण कुंभाराकडून नवा घ्यायचा, चांगला भाजलेला, चाळीसेक लिटरचा. बोटाने वाजवल्यावर खणखणीत आवाज यायला हवा. दोन दिवस पाण्याने भरून ठेवायचा, मग उन्हात पूर्ण वाळवायचा. आतून गाईचं तूप चोळायचं, इतकं की माती पिऊन तृप्त होते. त्याने रांजण पाझरत नाही आणि मातीची रंध्रं बुजतात, म्हणजे जंतूंना लपायला जागा राहत नाही. मग धूप द्यायचा: जटामांसी, मिरी, चंदन, अगरू, कापूर निखाऱ्यावर टाकून रांजण त्यावर पालथा धरायचा. जुन्या वैद्यांनी सूक्ष्मदर्शक पाहिलेला नव्हता, पण भांडं निर्जंतुक करायचं हे त्यांना नेमकं माहीत होतं. लुई पाश्चरने आंबण्यामागे जिवंत यीस्ट आहे हे १८५७च्या सुमारास दाखवलं. त्याच्या कित्येक शतकं आधी शार्ङ्गधराने आसवाची प्रमाणं बांधून दिली होती: पाठात प्रमाण सांगितलेलं नसेल तर एक द्रोण द्रवाला एक तुला गूळ, त्याच्या निम्मा मध, आणि दहावा भाग प्रक्षेप, म्हणजे वरून घालायची चूर्णं.

अरविंदासवाचं प्रमाण पाठातच आहे. पाणी दोन द्रोण, म्हणजे साडेचोवीस लिटरहून थोडं जास्त. साखर एक तुला, म्हणजे ४.८ किलो, आणि मध त्याच्या निम्मा. मनुका २० पळ. मी सांगलीकडच्या काळ्या मनुका घेते, बी काढून चेचते. पाणी आमच्या विहिरीचं, पण उकळून कोमट केलेलं. त्यात खडीसाखर विरघळवून फडक्यातून गाळायची. पाणी पूर्ण निवलं की मध घालायचा, गरम द्रवात मध कधीच नाही. मग भरडलेली औषधं: वाळा, मंजिष्ठा, वेलची, बला, अनंतमूळ, हिरडा, बेहडा, आवळा, ज्येष्ठमध, अर्जुनाची साल, अशी तेवीस द्रव्यांची यादी, फुलं धरून. कमळाच्या पाकळ्या मी सुरीने कापत नाही, हाताने फाडते. धायटी सगळ्यांत शेवटी.

रांजण पाऊण भरायचा, वर जागा ठेवायची. आमच्याकडे पूर्वी ज्वारीची पेवं होती, जमिनीतली. मामंजींच्या वडिलांच्या काळी आसवाचे रांजण त्या पेवांत किंवा धान्याच्या राशीत पुरत. आता पेवं बुजली. मी मागच्या खोलीत कुटाराचा ढीग करते आणि रांजण गळ्यापर्यंत त्यात बसवते. कुटार दिवसाची ऊब धरून ठेवतं आणि रात्रीचा गारवा लागू देत नाही. भाद्रपदात अचलपूरची हवा संधानाला अगदी योग्य असते. वैशाखात इथलं तापमान पंचेचाळीसच्या पलीकडे जातं, तेव्हा यीस्ट मरतं किंवा भडकतं. डिसेंबरात डोंगरावरून थंडी उतरते आणि सगळं थबकतं. म्हणून कारखान्यांसारखं बारमाही आसव मी घालत नाही, घालूही शकत नाही.

पहिले काही दिवस तोंडाला नुसतं कापड बांधते. आत वायू तयार होत असतो, त्याला वाट हवी. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी फुलं वर येऊन फेस धरतात आणि रांजणाला कान लावला तर आत बारीक सूं सूं ऐकू येतं. जोर ओसरायला लागला की परळ ठेवून कपडमातीने संधी बंद करायची. इथे घाई चालत नाही आणि दिरंगाईही चालत नाही. लवकर बंद केलं तर वायूच्या दाबाने कपडमाती फुटते. उघडं राहिलं तर हवेतले दुसरे जंतू शिरतात आणि मद्याचं शिरक्यात रूपांतर होतं. आंबट वास एकदा लागला की ते आसव कामातून जातं, कितीही साखर घाला.

संधान पुरं झालं की नाही हे पाहायच्या दोन सोप्या खुणा आहेत. पेटती काडी रांजणाच्या तोंडाशी नेली आणि विझली, तर कार्बन डायऑक्साइड अजून निघतो आहे. जळत राहिली, तर काम संपलं. दुसरी खूण चुन्याच्या निवळीची: रांजणातला वायू नळीने निवळीत सोडला आणि ती दुधाळ झाली तर अजून थांबायचं. आत टाकलेली द्रव्यं तळाशी बसलेली असतात, फेस गेलेला असतो आणि वास बदललेला असतो. सुरुवातीला साखरेचा आणि ओल्या पाकळ्यांचा वास येतो. शेवटी त्यात मनुका, मध आणि वाळा एक होतात आणि कमळाचा गंध अगदी मागून, घोट घेतल्यावर जाणवतो. मी हायड्रोमीटरही लावते, कारण माझ्या रुग्णाला मी आकडा सांगू शकले पाहिजे. चांगल्या आसवात मद्यार्क साधारण पाच ते दहा टक्के असतो. त्याहून जास्त चढत नाही, कारण त्या पातळीला धायटीवरचं रानटी यीस्ट थकतं आणि बरीच साखर न आंबता उरते. त्यामुळेच आसव गोड लागतं. ते गाळायचं, काही दिवस निवळू द्यायचं, मग बाटल्यांत. चूर्णं जुनी झाली की निरुपयोगी होतात. आसवं मात्र जुनी होतील तशी गुणाला चढतात, असं शार्ङ्गधराने म्हटलं आहे.

यात मद्यार्क आहे, हे मी कुणापासून लपवत नाही. माझ्याकडे माळकरी रुग्ण येतात, मुसलमान घरांतले येतात. अचलपूर दोघांचंही गाव आहे. दोघांनाही मी आधी सांगते, आणि ज्यांना नको त्यांना तीच औषधं काढ्यातून देते. लहान लेकरांसाठी पाठ आहे म्हणून लेकरांना सर्रास पाजायचं असं नव्हे. गरज वाटली तर थेंबांच्या हिशेबात, पाणी घालून, आणि आईसमोर. बाजारातून बाटली आणून वाटेल तसं देणाऱ्यांना मी रागावते.

कायद्याची बाजूही सरळ आहे. १९४०च्या औषध आणि सौंदर्यप्रसाधन कायद्यात, स्वतःच्या रुग्णांपुरतं औषध करणाऱ्या वैद्य-हकिमांना उत्पादन परवान्यातून सूट आहे. विकायला काढलं तर परवाना लागतो. मुंबई प्रांताच्या दारूबंदी कायद्यात मद्यार्क असलेली औषधंही अडकवली होती. तो भाग सर्वोच्च न्यायालयाने १९५१ साली बलसारा खटल्यात रद्द केला. म्हणजे वैद्याच्या रांजणातल्या फुलांना कायद्याने सत्तर वर्षांपूर्वीच न्याय दिला.

डोंगरातल्या फुलांना तो न्याय फार उशिरा मिळाला. हे लिहिताना मला राग येतो आणि तो मी लपवणार नाही. तोच मोह माझ्या रांजणात पडला की औषध, आणि कोरकू बाईच्या घरी दोन पायली जास्त सापडला की संशय. कैक वर्षं आदिवासींना स्वतःच्या झाडाखालचं फूल साठवायची, दुसऱ्या गावी न्यायची भीती वाटे. त्यामुळे ते हंगामात, गरजेपोटी, मिळेल त्या भावाला विकून टाकत आणि व्यापारी तेच पुढे महाग विकत. महाराष्ट्र सरकारने २०२१ साली आदिवासींसाठी मोहफुलं गोळा करण्यावरचे, साठवण्यावरचे आणि विकण्यावरचे निर्बंध उठवले. चांगलं केलं, पण फार उशीर केला. मोहाच्या भट्टीची दारू हा वेगळा विषय आहे. ती ऊर्ध्वपातनाने काढतात, त्यात भेसळ झाली की माणसं मरतात, तिने संसार मोडतात, आणि तिची बाजू मी घेत नाही. पण भट्टीच्या नावाखाली फुलालाच गुन्हेगार ठरवणं हा अन्याय होता. फूल अन्न आहे, औषध आहे, आणि फेब्रुवारी ते एप्रिल या कोरड्या दिवसांत घरात येणारा पैसा आहे.

हे बदलता येतं याचा दाखला लांब शोधायला नको. आमच्याच अचलपूर तालुक्यात, डोंगराच्या पायथ्याला पायविहीर हे गाव आहे. २००६च्या वनहक्क कायद्याखाली त्या ग्रामसभेने आपल्या जंगलावर सामूहिक हक्क मिळवला, उजाड डोंगर राखला, आणि तिथली सीताफळं 'नॅचरल्स मेळघाट' या नावाने थेट मुंबईला पाठवली. या कामासाठी २०१४ साली त्यांना जैवविविधतेचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. कोणत्या झाडाचं किती काढायचं आणि किती ठेवायचं, हे तिथे ग्रामसभा ठरवते. मावशी जे एकटी पाळते, तेच इथे गावाने ठराव करून पाळलं. सीताफळाचं जे झालं ते धायटीचं का होऊ नये? आसव-अरिष्टांच्या प्रत्येक कारखान्याला धायटी लागते. तिच्याशिवाय कुटजारिष्ट होत नाही, अशोकारिष्ट होत नाही. अंजनगाव-सुर्जीची पानपिंपळी बारी शेतकऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या लावली आणि औषधाच्या बाजारात तिचं नाव केलं. मेळघाटच्या धायटीला नाव नाही, प्रत नाही, भाव नाही. पोत्यात जे येईल ते वजनावर जातं, आणि ओरबाडलेलं फूल व जपून वेचलेलं फूल एकाच दराने खपतं. मग जपून वेचायचं कुणी, आणि कशासाठी?

माझ्या रांजणापुरतं मी एवढं करते: फूल वेचणारीकडूनच घेते, बाजाराच्या दराच्या वर देते, आणि देठ-पान नसलेल्या फुलाला त्याहून जास्त देते. ते पैसे औषधाच्या किमतीत दिसतात आणि रुग्णांना मी त्याचं कारण सांगते. अजून एकानेही तक्रार केलेली नाही.

वैद्यमित्रांना आणि आयुर्वेद महाविद्यालयांच्या रसशाळांना माझं सांगणं आहे: यंदाच्या फाल्गुनात धायटीची मागणी ठोक व्यापाऱ्याकडे नोंदवण्याआधी पायविहीरसारख्या एखाद्या ग्रामसभेला पत्र टाका. किती किलो हवं, कसं सुकवलेलं हवं आणि काय भाव द्याल, एवढं त्या पत्रात लिहा. फुलं माघातच लागतात, तेव्हा पत्र पौषात गेलं पाहिजे.